भरल्या पोटी बसणारी गाडी

२८ एप्रिल २००१, शनिवार. पुसेगावला लग्न होतं आणि ऊन चढायच्या आत माझी भांडी मामांच्या पिकअपमध्ये चढवायची होती. बुंदीची मोठी कढई, भाताच्या डेगा, पराती, झारे, चहाच्या किटल्या, ताटांची पोती. जाता जाता किराणा दुकानातून नवरीच्या बापानं सांगून ठेवलेले तेलाचे डबेही उचलायचे होते. काम नेहमीचंच. काळजी एकच होती, आणि ती भांड्यांची नव्हती. गाडीची होती.

सेनगावात लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचा धंदा मी सुरू केला तेव्हा लोकांना वाटलं, नवरा बघत असेल. नवऱ्याला लग्नातलं जेवण कळतं, परात कुठल्या बाजूनं धरायची ते कळत नाही. त्यामुळे धंदा माझाच राहिला. भांडी ठेवायला जागा हवी होती आणि बसस्टँडमागे मामांचं पत्र्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. मामा काही माझे मामा नव्हेत. अख्ख्या गावाचे मामा. त्यांनी एकच अट घातली.

"गोदाम पायजे तर गाडी बी माझीच लागंल. भांडी माझ्या छपराखाली निजायची अन् दुसऱ्याच्या गाडीत फिरायची, हे मला बराबर वाटत न्हाई."

मी हो म्हटलं. गाडी तेव्हा पाहिली नव्हती.

गाडीचा मूळ रंग कोणता, यावर मामा आणि मामींचं एकमत नव्हतं. मामांनी बैलजोडी विकून ती जुनीच घेतली होती. बैल गेले, पण मामांची बैलांशी वागायची रीत गेली नाही. ते हॉर्न कधी वाजवत नसत. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून हाक मारत. समोर म्हैस असेल तर "ओ मावशी, सरका", आणि माणूस असेल तर त्याच्या बापाच्या नावानं. आरसा त्यांनी स्वतःकडे वळवून ठेवला होता. मागं काय आहे ते बघून करायचं काय, आपल्याला पुढं जायचंय, असं त्यांचं म्हणणं. पोळ्याला गावातले बैल सजत तशी गाडीही सजे. बॉनेटला बाशिंग, चाकांना गेरू, आणि पुरणपोळीचा पहिला घास रेडिएटरच्या जाळीत. तो घास काढताना मेस्त्र्यानं एकदा विचारलं होतं, "मामा, हे तूप हाय का ग्रीस?" मामा म्हणाले, "वास घे. घरचं हाय."

डिझेलचा काटा चालू होता, पण मामांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "काटा म्हंजे शेजारीण. सांगते, पण खरं न्हाई सांगत." ते तुरीच्या वाळक्या काडीनं डिझेल मोजत. काडी टाकीत बुडवायची, बाहेर काढून उजेडात धरायची, आणि मग कानावर खोचून ठेवायची. त्यामुळे मामांच्या उजव्या कानाला कायम डिझेलचा वास असे. डावीकडून बोललं तर माणूस स्वच्छ होता.

आणि गाडी बंद पडली असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. "गाडी बंद न्हाई पडत, बसते. बैल बसत न्हाई का?"

तर ती गाडी बसायची. रोज नाही, पण बसायची. आधी घरघर करायची, मग आचके द्यायची, आणि मग मुक्कामाला आल्यासारखी थांबायची. मामा उतरत. चपला काढत. टाकीचं झाकण उघडत आणि आत तोंड घालून विचारत, "काय झालं माय? जेवली का?" मग कान लावून थांबत. आतून खरंच सूंऽऽ असा आवाज येई. "बोलली," असं म्हणून ते झाकण लावत, फिल्टरवरचा छोटा पंप अंगठ्यानं दाबत, सेल्फ मारत, आणि गाडी निमूट चालू होई. पुढच्या टेकाडापर्यंत.

आता झाकणाबद्दल सांगायला हवं. लोक गाडीची पूजा करतात ती बॉनेटची किंवा स्टिअरिंगची. मामांना ते पटत नव्हतं. "इंजनाची पूजा करून काय फायदा? उपाशीपोटी कोण चालतंय? पूजा करायची तर पोटाची करावं." गाडीचं पोट म्हणजे डिझेलची टाकी, आणि टाकीचं दिसणारं तोंड म्हणजे झाकण. दर शनिवारी आंघोळ करून मामा त्या झाकणाला तेलात कालवलेला शेंदूर लावत. गाडी बसायला लागल्यापासून जरा जास्तच लावत. वर्षानुवर्षं थर चढत गेला आणि झाकण गोल, लाल, गुळगुळीत झालं. खेडोपाडीची माणसं गाडीजवळून जाताना हात जोडत. ते मामांना की झाकणाला, हे मामांनी कधी विचारलं नाही.

मी आल्यावर गाडीला दवाखाना दाखवायला लागले. हिंगोलीच्या मेस्त्र्यानं आधी डिझेलचा फिल्टर बदलला. मग टाकी खाली उतरवून धुतली, तर आतून तुरीच्या काड्यांचे एवढे तुकडे निघाले की मामींनी त्यावर चहा केला. आम्हाला वाटलं, सापडलं. गाडी परत येताना बसली. मग मेस्त्री म्हणाला, गाडी एअर घेते, नळ्यांतून हवा ओढते. म्हणून डिझेलच्या नळ्या बदलल्या. गाडी बसली. मग पंपाचं काम झालं. त्या वेळी गाडी जाताना बसली आणि येतानाही बसली.

गंमत म्हणजे मेस्त्र्याच्या दारात ती कधीच बसत नसे. कारण पोचल्या पोचल्या मामा झाकण उघडून तिची विचारपूस करत. आणि मेस्त्री झाकणाला हात लावत नसे. तो त्या बाजूला जाताना चपला काढायचा. मी एकदा म्हटलं, "ते झाकणसुद्धा बघा की." तो म्हणाला, "ताई, मी मशीनचं काम करतो. देवाधर्माचं न्हाई."

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. टाकी अर्धी असली की गाडी लांब जायची. काठोकाठ भरलेली असली की लगेच बसायची. डिझेल संपत आलं म्हणून आचके देणारी गाडी मी पाहिली होती, पण पोट भरलं म्हणून बसणारी ही पहिलीच. मामांना यात काही नवल वाटत नसे. "जेवण झाल्यावर तुमाला झोप येत न्हाई का?"

हसायला ठीक होतं, पण माझं त्यात हसं होऊन राहिलं होतं. दोन लग्नांत भांडी उशिरा पोचली. एका ठिकाणी पंगत बसल्यावर ताटं आली. सेनगावात लोक म्हणायला लागले की त्या बाईची भांडी आहेराबरोबर येतात. तिसऱ्यांदा असं झालं असतं तर मला कुणी बोलावलंच नसतं. दुसरी गाडी करावी तर मामा गोदाम काढून घेणार. एवढ्या डेगा घरात आणून ठेवल्या असत्या तर नवऱ्याला डेगेत झोपावं लागलं असतं.

म्हणून पुसेगावच्या दिवशी मी लवकर निघायचं ठरवलं होतं. गोदामात गेले तर मामांनी त्याच्याही आधी उठून दोन कामं उरकली होती. शनिवार म्हणून शेंदूर लावला होता, आणि लग्नाचा दिवस म्हणून टाकी काठोकाठ भरून आणली होती.

"शुभकार्याला जायचं तर भरल्या पोटी जावं," ते म्हणाले.

झाऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसले.

किराणा दुकानातले तेलाचे डबे चढवले आणि गाव मागं पडलं न पडलं तोच गाडी पहिल्यांदा बसली. चपला, झाकण, "जेवली का माय", सूंऽऽ. निघालो. जरा पुढं कापसाच्या पळाटीच्या एका वावराशी दुसऱ्यांदा बसली. मामा म्हणाले, "आज लई बोलून राहिली." तिसऱ्यांदा बसली तेव्हा समोरून एक मोटारसायकल आली. नवरीचा काका होता.

"ताई, आचारी भट्टी पेटवून हात शेकून राहिलाय. बुंदी काय ओंजळीत तळावं का त्यानं?"

"कढई मागं आहे. घेऊन जा," मी म्हटलं.

"कशावर?"

"पाठीवर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दोरी काढली. दोघांनी मिळून कढई उचलली आणि मी ती त्याच्या पाठीवर बांधली. मागून बघितलं तर मोटारसायकलवर कासव बसल्यासारखं दिसत होतं. मामा लांबून बघत होते.

"त्याची गाडी बसत न्हाई वाटतं?"

"नाही," मी म्हटलं.

"पूजा करत आसंल."

काका म्हणाला, "कढई नेली, पण तेलाबिगर तिच्यात मी बसू का? एक डबा बी द्या." डबा पुढं ठेवून पाहिला तर हँडल वळेना. मग मी पोत्यातून एक किटली काढली. तेवढ्या तेलात पहिले घाणे तरी सुरू झाले असते. डबा आडवा धरला, खिळा ठेवून उलथन्याच्या दांड्यानं ठोकलं आणि तोंडाशी भोक पाडलं. तेल जरा आलं. मग गुडूक, गुडूक झालं आणि थांबलं. डब्याच्या बाजूचा पत्रा आत ओढला गेला.

"ताई," पाठीवरची कढई सांभाळत काका म्हणाला, "भांड्याचा धंदा करता अन् एकच भोक पाडता? दुसरं पाडा की. आतमंदी हवा जाईल तवाच तेल भाईर येईल. लेकराला बी कळतंय हे."

घाईत होते, नाहीतर मलाही कळत होतंच. दुसरं भोक पाडलं. पत्रा टण्णकन बाहेर आला आणि तेलाची धार सरळ लागली. काका किटली हँडलला अडकवून निघून गेला.

मी खिळा हातात धरून तिथंच उभी राहिले. मग डब्याकडं पाहिलं. मग टाकीकडं पाहिलं.

"मामा, टाकीला दुसरं भोक कुठंय?"

"काहून?"

"हवा आत जायला."

"एवढं मोठं तोंड हाय की."

"त्याच्यावर झाकण आहे. झाकणाला बारीक भोक असतं."

"आपल्या झाकणाला न्हाई."

"असेल. शेंदराखाली."

मामा दोन पावलं सरकून झाकणासमोर उभे राहिले. हात पसरले नव्हते एवढंच.

"शनिवारी हात लावू देणार न्हाई. सकाळचाच लावेल हाय, वला हाय."

मी त्यांना सांगितलं, की टाकीतून डिझेल इंजिनात जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती येत नाही, म्हणून टाकी डिझेल सोडत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा उरतेच थोडी, म्हणून लगेच अडतं. अर्धी असली की आत हवा जास्त, म्हणून लांब जाते. तुम्ही झाकण उघडलं की सूं करून हवा आत शिरते, ती काही बोलत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मी विचारल्यावरच चालू होते, हे तुमाला बी कबूल हाय."

भट्टी पेटलेली होती आणि मला वाद जिंकायचा नव्हता, पुसेगाव गाठायचं होतं. मी म्हटलं, "बरं. शेंदराला हात लावत नाही. झाकण काढून तुम्ही मांडीवर घ्या. टाकीच्या तोंडाला मी फडकं बांधते."

"डिझेल सांडंल."

"थोडं सांडू द्या."

"देव मांडीवर घेऊन गाडी चालवायची?" मामा विचारात पडले. मग स्वतःच म्हणाले, "लोकं लेकरू घेऊन चालवतेतच की."

फडकं बांधलं. झाकण मामांच्या मांडीवर गेलं. पांढऱ्या धोतरावर ओला शेंदूर, म्हणजे पुढं काय होणार ते दिसतच होतं. गाडी निघाली. पहिलं टेकाड गेलं. दुसरं गेलं. मी झाऱ्यांची पिशवी घट्ट धरून बसले होते. मामा एक हात स्टिअरिंगवर आणि एक झाकणावर ठेवून, सासरी निघालेल्या मुलीची समजूत घालावी तसं पुटपुटत होते. गाडीनं एक आचका दिला नाही.

पुसेगावच्या अलीकडे आम्ही कासवाला गाठलं. कढईत वारा भरत होता, त्यामुळे काकाला मोटारसायकल पळवता येत नव्हती. मामांनी मुंडकं बाहेर काढून हाक मारली, "ओ काका, बाजूला व्हा, तुमची बुंदी मागं राहिली."

भांडी वेळेत पोचली. आचारी रागावला होता, पण डेगा उतरवताना त्याचा राग उतरला. डेग उचलताना माणसाला बोलायला दम उरत नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मामांनी झाकण ठेवायला जागा शोधली. खाली ठेवायचं नाही, चपलांजवळ नाही, बायका बसतात तिथं नाही. शेवटी भट्टीजवळ एक स्टूल होतं, त्यावर केळीचं पान घालून त्यांनी झाकण ठेवलं आणि निवांत चहा प्यायला गेले. भट्टीच्या धगीनं शेंदराच्या खालचं तेल सुटत गेलं. थोड्या वेळानं आचाऱ्यानं आरोळी दिली.

"खोळ सोडली."

जुन्या मारुतीवरचा शेंदराचा थर कधीतरी आपोआप निखळून पडतो. देवानं खोळ सोडली म्हणतात, आणि तो मोठा योग मानतात. तसं झाकणावरचं सगळं कवच वाटीसारखं अख्खं सुटून पानावर पडलं होतं. मामा चहाची बशी हातात घेऊन धावत आले. मागून वऱ्हाड आलं. मांडवात शब्द पसरला तो असा, की मामांच्या देवानं खोळ सोडली. कुठला देव, हे कुणी विचारलं नाही. बायांनी हळद-कुंकू वाहिलं. भटजींनी, मुहूर्ताला अवकाश आहे तर, म्हणून एक आरती उरकली. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव डिझेलच्या टाकीच्या झाकणाच्या पाया पडला, आणि मामांनी त्याला "पोट भरेल राहील" असा आशीर्वाद दिला. लाल झालेल्या धोतरामुळे ते या कामाला अगदी शोभत होते.

गर्दी पांगल्यावर मी झाकण उचललं. उघड्या पत्र्यावर मुगाच्या दाण्याएवढं भोक दिसत होतं, आतून बुजलेलं. पदराची सेफ्टीपिन काढली, आत घालून फिरवली, आणि फुंकर मारली. पलीकडून वारा आला.

"बघा," मी मामांना म्हटलं.

मामांनी भोकाला डोळा लावला. भोकातून मांडव पाहिला, आचारी पाहिला, मला पाहिलं.

"हाय की भोक," ते हळूच म्हणाले. "म्हंजे आपण मायचं नाक दाबून बसलो होतो. काय तकलीफ झाली आसंल तिला."

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात त्यांनी शेंदराचं कवच रुमालात बांधलं आणि म्हणाले, "हे कयाधू नदीत सोडतो. अन् उद्या आंघोळ करून नवा शेंदूर लावतो. खोळ सोडल्यावर देवाला उघडं ठेवत न्हाईत."

"भोक सोडून लावा."

"बाई, देवाला शेंदूर लावताना हात मोकळा पायजे. इथं लाव, तिथं लावू नको, असं केल्यावर मन लागत न्हाई."

येताना गाडी एकदाही बसली नाही. झाकण आपल्या जागी होतं, भोक मोकळं होतं. मामा खुशीत होते. खोळ सोडल्याचा गुण, म्हणाले. मी हिशेब करत होते, की उद्या सकाळी शेंदूर लागला की आठवडाभरात पुन्हा चपला काढून "जेवली का माय" सुरू होणार. पुढच्याच आठवड्यात मला आणखी एका लग्नाला भांडी द्यायची होती, आणि त्या घरचा काका कढई पाठीवर घेणारा असेल याची खात्री नव्हती.

वाटेत एका शिवेवर मारुती लागतो. मामांनी सवयीनं गाडी हळू केली आणि हात जोडले. मीही पाहिलं. मारुतीवर मामांच्या झाकणापेक्षा कितीतरी जुना शेंदूर होता. नाक, तोंड, हात काही ओळखू येत नव्हतं. फक्त दोन डोळे स्वच्छ चमकत होते. एवढ्या वर्षांत एवढ्या लोकांनी शेंदूर लावला, पण डोळ्यांवर एक बोट फिरलं नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "खोळ सोडल्यावर डोळे बसवल्याबिगर शेंदूर लावतात का?"

मामांनी ब्रेक दाबला. मागं डेगा एकमेकींवर आपटल्या.

"न्हाई लावत," ते म्हणाले. मग मुंडकं बाहेर काढून मारुतीकडं बघत म्हणाले, "तिला डोळेच न्हाईत. एवढ्या वर्षांत ध्यानात न्हाई आलं."

"मी औंढ्याच्या देवळाहून आणते. तोवर हात लावू नका."

"औंढ्याचे असले तर काय, थांबतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या जीपनं निघाले आणि हिंगोलीवरून औंढ्याला पोचले. देवळाबाहेरच्या दुकानात पितळी डोळ्यांचा एक जोड मागितला. दुकानदारानं विचारलं, "मारुतीला का म्हसोबाला?" मी म्हटलं, "पोटाला." त्यानं पुढं काही विचारलं नाही. मग मी त्याला उजव्या डोळ्याच्या बुबुळात खिळ्यानं भोक पाडून द्यायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, फुटका डोळा देवाला चालत नसतो." मी म्हटलं, "हा देव चालायचा तर तोच लागतो." परत येऊन गोदामात झाकण पुसलं, भोकावर भोक बरोबर धरून उजवा डोळा बसवला, जोडीला डावा बसवला, कडेनं डांबर लावलं, आणि फुंकर मारून पाहिली. मग मामांना हाक मारली आणि शेंदराची वाटी त्यांच्या हातात दिली.